अस्तराचे चामडी हातमोजे की रबराचा लेप असलेले?

कडाक्याच्या थंडीत बाहेर लाकडं फोडायची, कुंपणाची तार ओढायची किंवा बर्फ उपसायचा, तर नुसते लोकरी हातमोजे पुरत नाहीत. मग उरतात दोन पर्याय: आतून लोकरीचं अस्तर असलेले चामडी, नाहीतर रबराचा लेप दिलेले विणलेले.

कोरड्या थंडीत माझं मत चामड्यालाच. वारा आत शिरत नाही, काटे-कुसळं टोचत नाहीत, कुऱ्हाडीचा दांडा हातात घट्ट बसतो. पण चामडं भिजलं की पंचाईत. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे ओल्या अस्तरात बोटं बधिर होतात. त्यात घाईने शेकोटीजवळ वाळवले, तर चामडं कडक होऊन शिवणीपाशी तडकतं. सावलीत हळूहळू वाळवावेत, मग मेणाचा हात फिरवावा.

ओल्या कामाला लेपवालेच. मात्र लेप तळव्यापुरताच आहे की सगळीकडे, हे आधी बघा. तळव्यापुरता असेल तर वरच्या बाजूने पाणी झिरपतंच. पूर्ण लेपात घाम कोंडतो, म्हणून बदलायला दुसरा जोड हवा. खिळे, नट लेपवाल्या हातमोज्यांतच नीट चिमटीत येतात.

माप दोन्हींत नीट बघा. घट्ट हातमोज्यात रक्त खेळत नाही आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. घालून मूठ वळा. बोटांच्या टोकांना ताण बसला तर एक माप मोठं घ्या. लेबलावर ईएन 511 ची (थंडीपासून बचाव करणाऱ्या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाची) खूण असेल तर शेवटचा आकडा पाहा: 1 म्हणजे चाचणीत पाणी आत शिरलेलं नाही.