विभागाला देणगी: कायम ठेवीत की चालू निधीत?

विद्यापीठाच्या ज्या विभागात शिकलो त्याला काहीतरी द्यावं असं मनात आलं, की दोन अर्ज समोर येतात. एक कायम ठेवीचा. मुद्दल गुंतवून ठेवायचं आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी कुणाच्या तरी नावाने शिष्यवृत्ती द्यायची. दुसरा विभागाच्या चालू निधीचा. त्यात पैसे यंदाचे, खर्चही यंदाचाच, आणि तो कशावर करायचा हे विभागप्रमुख ठरवणार. मी दोन्ही अर्ज भरले आहेत, पहिला उत्साहात आणि दुसरा बऱ्याच वर्षांनी, जरा शहाणा होऊन. यंत्र भेट देण्याची तिसरी वाटही असते, पण देखभालीचा खर्च सोबत देणार नसाल तर तिकडे फिरकू नये, एवढंच म्हणेन.

कायम ठेवीची ओढ मला नीट कळते. केंब्रिजमधलं गणिताचं ल्युकेशियन अध्यासन 1663 सालचं. हेन्री ल्युकस यांनी वर्षाला 100 पौंड उत्पन्न देईल अशी जमीन घ्यायला पैसे ठेवले, आणि त्या जागेवर पुढे न्यूटन आले, हॉकिंग आले. देणाऱ्याला याहून जास्त काय हवं? शिवाय ठेव विभागप्रमुखांच्या लहरीवर चालत नाही. ते निवृत्त होतात, ठेव होत नाही.

हिशेब मात्र आधी करून बघावा. गुंतवणुकीचं मोल महागाईत झिजू नये म्हणून विद्यापीठं अशा ठेवीतून वर्षाला साधारण 4 ते 5 टक्केच खर्चायला काढतात. 4 टक्के धरले तर एका विद्यार्थ्याची एका वर्षाची फी कायमची भरायला पंचवीस वर्षांची फी आज एकदम मोजावी लागते. तेवढी रक्कम नसेल, तर शिष्यवृत्तीचं नाव लांबलचक आणि हाती येणारे पैसे पुस्तकांपुरते, असं होतं.

माझं बिनसलं ते मात्र रकमेवरून नाही, एका शब्दावरून.

आमचे सर अश्मविज्ञान, म्हणजे खडकांचं शास्त्र, शिकवायचे. ते गेल्यावर मी भूविज्ञान विभागात त्यांच्या नावाने ठेव ठेवली आणि करारात हौसेने लिहिलं, 'फक्त अश्मविज्ञान हा विशेष विषय घेऊन अंतिम वर्षात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास'. पहिली चार वर्षं छान गेली. विद्यार्थ्यांची पत्रं यायची, मी ती जपून ठेवायचो. मग अभ्यासक्रम बदलला. अश्मविज्ञान दुसऱ्या दोन विषयांत मिसळलं आणि त्या नावाचा विशेष विषयच उरला नाही. शिकवतात तेच, खडक तेच, पण गुणपत्रिकेवर तो शब्द नाही. त्या वर्षी पत्र आलं: 'पात्र विद्यार्थी उपलब्ध न झाल्याने शिष्यवृत्ती देण्यात आलेली नाही. उत्पन्न मुद्दलात जमा करण्यात आले आहे.' पुढच्या वर्षी तेच पत्र, फक्त तारीख वेगळी. माझी ठेव बाळसं धरत होती आणि त्याच विभागात पैशांअभावी मुलं अभ्याससहलीतून नावं मागे घेत होती.

अट बदलून द्या म्हणून मी अर्ज केला. लेखा विभागाने तो विधी विभागाकडे पाठवला, तिथून समितीकडे, आणि समितीने परत लेखा विभागाकडे. चूक त्यांची म्हणवत नाही. देणाऱ्याचा लेखी शब्द सहज मोडता येऊ नये हे योग्यच आहे, आणि इंग्रजी धाटणीच्या कायद्यात मूळ हेतू अशक्य झाला तर न्यायालय त्याच्या जवळातला जवळ हेतू ठरवून देतं, अशी सोयही आहे. पण एवढ्याशा शिष्यवृत्तीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? मोठ्या देणग्यांचीही यातून सुटका नसते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाला रॉबर्टसन दांपत्याने 1961 मध्ये 3.5 कोटी डॉलर दिले, ते पदवीधरांना सरकारी सेवेसाठी, विशेषतः परराष्ट्र व्यवहारासाठी, तयार करायला. पैसा हेतूप्रमाणे वापरला जात नाही म्हणून वारसांनी 2002 मध्ये दावा लावला. तडजोड 2008 मध्ये झाली, आणि त्यात कुटुंबाच्या बाजूच्या वकिली खर्चापोटीच विद्यापीठाला 4 कोटी डॉलर मान्य करावे लागले.

ठेवीचं घोंगडं भिजत पडलेलं असतानाच मी चालू निधीत थोडी रक्कम टाकली, खरं सांगायचं तर चिडून. वर्षअखेरीला एक पानाचा खर्चाचा तक्ता आला. सहलीच्या बसभाड्यातली तूट. खडकाचे पातळ छेद कापायच्या यंत्राची हिऱ्याची पाती (हे छेद 0.03 मिलिमीटर इतके पातळ करावे लागतात, पातं बोथट झालं की सगळा वर्ग खोळंबतो). आणि तिसरी ओळ, 'फील्ड बूट, 1 जोड'. मी न राहवून विभागप्रमुखांना फोन केला. म्हणाले, एका मुलीच्या बुटाचा तळ पहिल्याच चढावर सुटला. उरलेले दोन दिवस ती बूट सुतळीने बांधून चालली, आल्यावर घेऊन दिले. तेवढ्यासाठी कुठली शिष्यवृत्ती असणार, आणि तिचा अर्ज ती केव्हा भरणार? त्या एका ओळीने माझा तराजू झुकला.

चालू निधी निर्धोक आहे असं मात्र नाही. पुढच्या विभागप्रमुखांनी एका वर्षी बरेचसे पैसे सभागृहाच्या खुर्च्यांवर घातले. खुर्च्या लागत असतीलही, मला काही गोड वाटलं नाही. देणग्या येतात हे दिसल्यावर विद्यापीठ विभागाचं स्वतःचं अनुदान हळूच कमी करू शकतं, हाही धोका खरा. म्हणून देण्याआधी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. मध्यवर्ती कार्यालय यातून काही टक्के कापतं का? आणि वर्षअखेरीला उरलेली रक्कम विभागाकडे राहते की परत जाते? उत्तर गुळमुळीत आलं तर थांबावं. करसवलतीचं ज्याने त्याने आपापल्या सल्लागाराला विचारावं, माझा त्यात अभ्यास नाही.

रक्कम खरोखर मोठी असेल, किंवा आपल्या माघारीही देणं चालू राहावं असं वाटत असेल, तर ठेवच बरी, हे मी नाकारत नाही. फक्त करारात 'फक्त'च्या जागी 'शक्यतो' लिहा, आणि योग्य विद्यार्थी सलग दोन वर्षं न मिळाल्यास विभागाने जवळच्या हेतूसाठी पैसे वापरावेत, अशी एक ओळ घाला. अटी नेहमी जाचतातच असं नाही. ल्युकस यांच्या अध्यासनाला धर्मसेवेत सक्रिय नसण्याची अट होती, आणि न्यूटन यांनी तिच्याच आधारे पाद्रीपदाची दीक्षा घेणं टाळलं. पण आपली अट तशी निघेल, ही आशा फार धरू नये.

माझा दुरुस्तीचा अर्ज अजून विधी विभागात आहे. चालू निधीची रक्कम मात्र बँकेला दरवर्षी आपोआप वळती करायला सांगून ठेवली आहे, सत्र सुरू व्हायच्या आधीची तारीख टाकून, कारण बसची आगाऊ रक्कम तेव्हाच भरावी लागते.