ट्रकचा स्कॅनर, काही महिने वापरून: एरर एकही नाही, तरी गाडी ओढेना

हा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधले एरर आणि आकडे वाचायचं यंत्र, घेतला तो चिडून. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरतो तो) बदलून गाडी वर्कशॉपमधून आली. रिकामी असली की झकास पळायची, पण माल भरून चढाला लावली की दम सोडायची. रेस पूर्ण दाबलेली, मागून काळा धूर, आणि गिअर एकेक करत खाली. वर्कशॉपचा हेका एकच: टर्बो नवा आहे, तिकडे बघायचं कारण नाही. आधी डिझेल फिल्टर बदलला, मग पंप आणि नोझल उतरवायची भाषा सुरू झाली. पंप उतरला की बिल कुठे जातं ते सांगायला नको. त्यापेक्षा स्कॅनर परवडला.

पहिल्या दिवशी वाटलं, पैसे पाण्यात गेले. 9 पिनच्या सॉकेटला लावला, 24 व्होल्टवर नीट चालू झाला आणि फॉल्ट कोड एकही नाही! कोड पडतो तो ठरलेली मर्यादा ओलांडल्यावर. त्याच्या अलीकडे गाडी कितीही रडली तरी ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गप्प. नुसते कोड वाचायला घेणार असाल तर राहू द्या.

मत बदललं ते लाइव्ह डेटामुळे, म्हणजे गाडी चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांमुळे. भरल्या गाडीत शेजारी माणूस बसवून त्याच्याकडून आकडे वाचून घेतले. पेडल 100 टक्के दाखवत होतं. रेल प्रेशर (नोझलला जाणाऱ्या डिझेलचा दाब) ईसीएमने मागितलं तेवढं मिळत होतं, म्हणजे डिझेलची बाजू सुटली आणि पंपही वाचला. आरपीएम वाढून वेग तसाच राहतोय असं नव्हतं, तेव्हा क्लचही ठीक. उरली हवा. इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपचा) दाब 160 केपीएच्या वर जाईना; 100 केपीए म्हणजे 1 बार.

आता माझं खरं दुखणं. हा 160 ॲब्सोल्यूट (वातावरणाचा दाब धरून) की गेज (तो वगळून), हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नाही! इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तर समुद्रसपाटीला साधारण 100 दिसतो, 1000 मीटर उंचीवर 90 च्या आसपास. म्हणजे यात वातावरणाचा दाब धरलेला आहे आणि खरा बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, जेमतेम 0.6 बार. हे न कळणारा माणूस 160 बघून खूश होईल आणि पंप उतरवून बसेल. मॅन्युअलमध्ये स्क्रीनचा रंग कसा बदलायचा यावर अख्खं पान आहे, यावर एक ओळ नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे अपडेट येईल. अजून येतंय.

असो. बूस्ट कमी आणि धूर काळा, म्हणजे डिझेल जातंय पण हवा वाटेत गळतेय. उभ्या गाडीत आयडलिंगला बूस्ट जवळपास नसतोच, म्हणून तिथे काही कळत नाही. टर्बोकडून इंटरकूलरला (ती हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणाऱ्या रबरी होजखाली हात घातला तर बोटं तेलकट. बॅटरी मारून पाहिलं: क्लिप पाइपच्या कडेवर अर्धवट चढलेली, आणि तिथून धूळ चिकटलेला काळा पट्टा पंख्यासारखा पसरलेला. दाब आला की होजची कड उचलायची, दाब उतरला की मुकाट बसायची.

वर्कशॉपवाले आधी ‘आम्ही नीटच बसवली होती’ म्हणाले. आकडे पुढे ठेवल्यावर क्लिप काढून बसवून दिली. त्याच चढावर दाब 250 च्या पुढे गेला. फिल्टरचं बिल मात्र सोडलं नाही.

नंतर एकदा पुन्हा पिकअप गेला. तेव्हा बूस्ट चांगला होता, लोडवर रेल प्रेशर खाली पडत होतं; या खेपेला खरोखरच फिल्टर. पण ब्रेक धरून राहिलाय किंवा एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून गाडी हळू करतो त्याची) झडप अर्धी अडकलीय, हे माझा स्कॅनर सांगत नाही. त्यासाठी थांबून कोणतं चाक जास्त तापलंय ते बघायचं आणि झडपेची दांडी हलवायची.

जुन्या, ईसीएम नसलेल्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला हे घेऊ नका. तिथे साधा बूस्ट गेज लावा. इंजिन बंद असलं की त्याचा काटा शून्यावर असतो, वजाबाकी करत बसावं लागत नाही.