ट्रकच्या गिअरबॉक्ससाठी ऑइल: जीएल-४, जीएल-५ की एसएई ५०?

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. ८०डब्ल्यू-९० हा जाडीचा ग्रेड, आणि जीएल-४ किंवा जीएल-५ हा एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) वर्ग. दुकानात चौकशी होते ती फक्त पहिल्याची. ‘नव्वद नंबर द्या’ म्हटलं की काम झालं. पण गिअरबॉक्सचं नुकसान जास्त करून वर्ग चुकल्याने होतं. नव्वद नंबरमध्ये दोन्ही वर्ग मिळतात, आणि बोटांवर घेऊन पाहिलं तर दोन्ही सारखेच वाटतात.

जीएल-४ आणि जीएल-५

पाच हा चारपेक्षा मोठा आकडा, म्हणून जीएल-५ जास्त चांगलं, हा समज पक्का रुजलेला आहे आणि चुकीचा आहे. जीएल-५ हे मुळात मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगमधल्या हायपॉइड क्राऊन-पिनियनसाठी, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीसाठी. तिथे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवरून घसटत जातात, ऑइलचा थर टिकत नाही, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची दाबरोधक द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात.

सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सची गरज उलटी आहे. गिअर टाकताना सिंक्रोची पितळी रिंग गिअरवरच्या शंकूला (कोन) घट्ट धरते, दोन्हींचा वेग जुळवते, आणि मगच दात बसतात. म्हणजे नेमकं तिथे थोडं घर्षण हवंच. जीएल-५ मुळे रिंग शंकूवर घसरू शकते. मग वेग जुळायच्या आत दात भिडतात आणि खर्र असा आवाज येतो. शिवाय ऑइल तापलं की त्यातलं सक्रिय गंधक पितळेला खातं. नवी जीएल-५ ऑइलं पितळेशी बरीच सौम्य झाली आहेत, हे खरं. पण घसरण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यामुळे पितळी रिंगांच्या बॉक्सला जीएल-४. उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच जीएल-५.

याची उलट चूक जास्त महागात पडते. हायपॉइड हौसिंगमध्ये जीएल-४ भरलं तर क्राऊन-पिनियनचे दात ओरखडून निघतात. एकाच डब्यात दोन्हीकडचं भागवायचा मोह टाळावा.

सिंक्रो नसलेला बॉक्स

ईटन फुलर या ब्रँडच्या अनेक जड बॉक्सांत पुढच्या मुख्य भागात सिंक्रो नसतो. त्यांना जीएल-५ ची दाबरोधक द्रव्यं नकोत. उष्णतेत न बिघडणारं ऑइल हवं. एपीआय एमटी-१ हा वर्ग अशाच बिनसिंक्रो बॉक्सांसाठी केलेला आहे. ईटनच्या पीएस-३८६ या मानकाची मान्यता असलेलं सिंथेटिक एसएई ५० (इंजिन ऑइलच्या मोजपट्टीवरचा ग्रेड) इथला सरळ पर्याय. ‘पन्नास’ ऐकून ते पातळ समजू नये. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सियसला गिअरचं ९० म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक), आणि इंजिनचं ५० म्हणजे १६.३ ते २१.९. जाडी जवळपास तीच.

८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-९० की ८५डब्ल्यू-१४०?

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम ऑइलच्या जाडीचा. ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत, ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत ठरलेल्या मर्यादेपलीकडे घट्ट होत नाही. सकाळी पहिले काही किलोमीटर गिअर जड पडतो आणि बॉक्स तापल्यावर मोकळा होतो, अशी तक्रार असेल तर ८०डब्ल्यू-९० ऐवजी ७५डब्ल्यू-९० ने फरक कळतो, अर्थात वर्ग तोच ठेवून. १४० मात्र उत्पादकाने सांगितल्याशिवाय नको. बॉक्स घोंघावतो म्हणून जाड ऑइल टाकलं की आवाज दबतो. बेअरिंग झिजायचं थांबत नाही. वर ऑइल घुसळण्यात ताकद जाते आणि बॉक्स जास्त तापतो.

मिनरल की सिंथेटिक, हा प्रश्न शेवटचा. लांब घाट, पूर्ण लोड, मोठं बदलअंतर असेल तर सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. सील गळत असेल तर आधी सील. आणि सिंथेटिक जीएल-५ हे शेवटी जीएल-५ च. किंमत जास्त म्हणून पितळी रिंगांना ते चालेल असं नाही. रिटार्डर (उतारावर वेग आवरणारा जोडब्रेक) गिअरबॉक्सच्याच ऑइलवर चालत असेल तर निवड आपल्या हातात राहत नाही: झेडएफ कंपनीच्या बॉक्सला तिची टीई-एमएल ०२ ही मान्य ऑइलांची यादी उघडून त्यातलंच ऑइल घ्यायचं.

दोष ऑइलचाच आहे का?

इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली, पण इंजिन बंद असताना तोच गिअर सहज पडला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. अशा गाडीत कुठलंही ऑइल ओता, खरखर जाणार नाही.

बदलताना

गाडी सपाट जागी, ऑइल कोमट. आधी फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचा) सैल करून बघायचा, मगच ड्रेन प्लग (ऑइल काढायच्या भोकाचा). जाम फिलर नंतर लक्षात आला तर रिकामा बॉक्स घेऊन बसावं लागतं. ड्रेनच्या चुंबकावर राखाडी लगदा असणं ठीक आहे. बोटांत टोचणारे कण हे गिअर किंवा बेअरिंगचे. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा झिजत आहेत. ऑइल फिलरच्या खालच्या काठापर्यंत भरा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा बघा. पीटीओ (गिअरबॉक्सवरून पंप वगैरे चालवणारा जोड) किंवा कूलर असेल तर पाटीवरच्या लिटरपेक्षा जास्त लागतं. काठाच्या वर भरलं तर फेस होतो आणि ऑइल ब्रीदरमधून (बॉक्समधल्या हवेचा दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येतं. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर दाब सीलवर येतो, आणि नवं सीलही गळू लागतं. मॉलिब्डेनमची पूड वगैरे सिंक्रोच्या बॉक्समध्ये अजिबात नको. रिंगेला हवं तेच घर्षण ती घालवते.

जुनी गाडी घेतली आणि आत काय आहे ते ठाऊक नसेल, तर रंगावरून किंवा वासावरून वर्ग ठरवू नका. बॉक्सची पाटी वाचून योग्य ऑइल भरा, आठवडाभर चालवा, गरम असतानाच काढून टाका आणि तेच पुन्हा भरा. डिझेलने धुवू नका. ते कोपऱ्यांत राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं.