ट्रॉली टायर खातेय: आक्सल सरकलाय की वाकलाय?

लातूर-धाराशिवकडे उसाच्या हंगामात ट्रॉलीचं टायर एका कडेने घासलं, की बरेच जण आधी टायरांची अदलाबदल करतात. दोष तसाच राहतो आणि चांगलं टायरही कामातून जातं. आक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आस) सरकला असेल तर काम पान्यावर भागतं, वाकला असेल तर खिशाला चाट. पण आधी हवा आणि बेअरिंग बघा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर ती काढल्याशिवाय घेतलेली मापं खोटी.

आक्सल सरकलेली ट्रॉली तिरकी चालते, मागून बघितली की ट्रॅक्टरच्या एका अंगाला निघालेली दिसते. टायर मात्र फार झिजत नाही, कारण दोन्ही चाकं एकमेकांना समांतरच असतात. वाकलेल्याचं उलट: चालते बऱ्यापैकी सरळ आणि टायर खाते. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवा. एकीकडून गुळगुळीत, परत येताना करवतीसारखं बोटाला लागलं, तर वाकल्याचाच संशय धरा. नुसती आतली कड गेली असेल तर जादा भाराने आक्सल मध्ये झुकतोय.

सरकल्याची खात्री दोन चाकी ट्रॉलीत सोपी. हुकाच्या कड्याच्या मध्यापासून दोन्ही हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्यापर्यंत टेप लावा. फरक ५ मिमीच्या वर गेला तर पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या पिनेपासून आक्सलपर्यंतही दोन्हीकडे मोजा. इथे माप सारखं आलं तर आक्सल जागेवर आहे, दांडी (हुकाला जोडणारा पुढचा भाग) वाकलीय. चार चाकीत दांडी फिरती असते, म्हणून मोजणी थेट पिनेपासूनच. फरक निघाला तर आक्सल पाट्याला आवळणारे यू-बोल्ट सैल, सेंटर बोल्ट तुटलेला किंवा मुख्य पाटा गेलेला सापडतो.

वाकल्याचं माप सिमेंटच्या सपाट जागेवरच घ्या, काळ्या रानात नको. दोन्ही टायरांवर मधोमध, मागच्या बाजूला हबच्या उंचीवर खडूची खूण करा. ओळंब्याने ती जमिनीवर उतरवून अंतर मोजा. ट्रॉली पुढे ढकलून त्याच खुणा पुढे आणा आणि पुन्हा मोजा. खुणा त्याच असल्याने वाकड्या रिमची चूक मापात येत नाही. दोन मापांत फरक निघाला तर आक्सल वाकलाय. ८० सेंमी व्यासाच्या टायरला ८ मिमी फरक म्हणजे प्रत्येक चाक किलोमीटरमागे ५ मीटर आडवं फरफटतं.

सरकलेला आक्सल बसवून यू-बोल्ट आवळले, की पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हा आवळा. वाकलेला तापवून सरळ करून घेणं स्वस्त पडतं, पण तापवल्या जागी लोखंड नरम पडतं आणि ऊस भरला की तिथेच पुन्हा झुकतं. प्रेसवर थंडच सरळ होत असेल तर ठीक. वाक बेअरिंगच्या बैठकीजवळ असेल तर सरळ नवाच टाका.