कन्व्हर्ट केलेली रिकम्बंट: चाक, ब्रेक आणि शिफ्टर निवडताना

जुन्या सायकलीची रिकम्बंट, म्हणजे मागे रेलून पाय पुढे करून चालवायची सायकल, करताना आधी चाक ठरवा. ब्रेक त्याच्या मागून ठरतो आणि शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की पैसे वाया जातात. मी आधी चांगले व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) घेतले, मग पुढचं चाक बदललं आणि पुढचा ब्रेक काढून ठेवावा लागला.

इथे मी २६ इंची जुन्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर) केलेली रिकम्बंट धरून चाललोय: बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस) पुढे नळीवर नेलेला, जाळीची सीट, हँडल छातीसमोर. असलं वेल्डिंग आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कुणीही व्यवस्थित करून देईल. तयार पार्ट मात्र मिळत नाहीत. फ्रान्सिस फोरने १९३३ मध्ये रिकम्बंटवर तासाभराचा विक्रम मोडला, आणि १९३४ मध्ये यूसीआयने (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) ही सायकल शर्यतींतून बाहेर काढली. तेव्हापासून जवळपास सगळा बाजार उभ्या सायकलींसाठीच चालतो. आपल्याला त्यातूनच जमवायचंय.

चाक: २६-२६, २०-२६ की २०-२०

दोन्ही चाकं २६ ची ठेवली तर खर्च काहीच नाही. पण वळताना बूट पुढच्या टायरला घासतो. ते टाळायला पायडल वर न्यावं लागतं, त्यासोबत सीटही वर जाते. मग दसरा चौकात सिग्नलला थांबल्यावर पाय जेमतेम टेकतात. रोज शहरातून जाणाऱ्याने हा पर्याय सोडून द्यावा.

पुढे २० आणि मागे २६ ही माझी पसंती. पाय मोकळे राहतात, सीट खाली येते, मागचे गिअर आहेत तसे चालतात. पण यात एक गोष्ट घडते जी बनवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. चाक लहान झालं की सायकलचं नाक साधारण ८ सेंटिमीटर खाली जातं आणि हेडट्यूब (फोर्कची दांडी जिच्यात फिरते ती नळी) सुमारे ४ अंशांनी उभी होते. हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीला जिथे भिडते आणि टायर जिथे टेकतो, त्यातलं अंतर म्हणजे ट्रेल. सायकल सरळ चालण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ७१ अंशांची हेडट्यूब आणि ४० मिलिमीटर ऑफसेटचा (चाकाचा आस त्या रेघेच्या जितका पुढे, तितका) फोर्क धरून हिशोब केला तर ट्रेल सुमारे ७१ मिलिमीटरवरून २६ वर येतो. हँडल इतकं हलकं होतं की एका हाताने नाक पुसणंही अवघड. म्हणून निदान फोर्क तरी २६ चाच ठेवा, त्यात २० चं चाक बसवा. २० चा आखूड फोर्क लावला तर नाक आणखी तितकंच खाली जाईल. फ्रेम नव्याने वेल्ड होणारच असेल तर हेडट्यूब आधीच ४ अंश मागे झुकवून घ्या.

२०-२० दिसायला देखणी. पण मागचं चाक लहान झालं की सगळे गिअर २३ टक्क्यांनी हलके होतात. पुढे ४२ आणि मागे १४ दाती असेल तर मिनिटाला ८० फेऱ्यांच्या लयीत पाय मारून २६ च्या चाकावर ताशी ३० किलोमीटर मिळतात, २० च्या चाकावर २३. कागलच्या सपाट रस्त्यावर पाय नुसतेच गरगरत राहतात. चढाला फायदा होईल म्हणावं, तर तोही फारसा नाही. पुढे २४, मागे ३४ अशा सगळ्यात हलक्या गिअरला ६० ची लय धरली तर वेग ताशी ४ किलोमीटर पडतो आणि त्या वेगात रिकम्बंटचा तोल राहत नाही. २६ वर तोच वेग ५ च्या पुढे असतो. वेग परत मिळवायला पुढे ५४-५५ दाती चेनव्हील लागेल, ते इथे सहज मिळत नाही.

मागे ७०० सी (रेसर सायकलचं मोठं चाक) लावू का, असंही विचारतात. २८ मिलिमीटर जाडीच्या टायरसह त्याचा व्यास २६ बाय २ च्या टायरपेक्षा दोनच सेंटिमीटर जास्त भरतो. फायदा नगण्य आणि नुकसान मोठं: रिकम्बंटवर खड्डा आला तरी पायडलवर उभं राहता येत नाही, सगळा दणका सरळ पाठीत बसतो. तिथे जाड टायरच हवा.

२० चं टायर घेताना त्यावर २० नंतर लिहिलेला आकडा वाचा. २० बाय १.७५ किंवा २.१२५, म्हणजे दशांशात लिहिलेलं, ते ४०६ मिलिमीटरच्या रिमचं. लहान मुलांच्या सायकलचं, लक्ष्मीपुरीत कुठेही मिळेल. २० बाय १ ३/८ असा अपूर्णांक असेल तर रिम ४५१ ची. दोन्ही २० च म्हणवतात, पण एकमेकांवर चढत नाहीत. ४०६ च घ्या.

ब्रेक: व्ही की डिस्क

२६ च्या फोर्कमध्ये २० चं चाक बसवलं की व्ही-ब्रेकचे शू रिमच्या साडेसात सेंटिमीटर वर लटकतात. शू वरखाली सरकतो तो सेंटिमीटरभर. म्हणजे पुढे रिम-ब्रेकचा विषय संपला, मेकॅनिकल डिस्क (हबवरची चकती वायरच्या ओढीने दाबणारा ब्रेक) आली. त्यासाठी डिस्कची बैठक असलेला फोर्क जुन्या एमटीबीचा शोधा. साध्या फोर्कच्या पायाला पट्टी वेल्ड करून कॅलिपर (चकती दाबणारा चिमटा) बसवू नका. ब्रेकचा सगळा पिळ एकट्या डाव्या पायावर येतो आणि पातळ नळी तिथेच वाकते. हब आणि रिमची भोकं सारखी आहेत ना, तेही दुकानातच मोजा.

डिस्क घ्यायला दुसरंही कारण आहे. पन्हाळ्यावरून वाघबीळमार्गे केर्लीकडे उतरताना पुढचा ब्रेक बराच वेळ दाबलेला असतो. ४०६ च्या रिममध्ये धातू कमी, त्यामुळे ती ५५९ च्या, म्हणजे २६ च्या, रिमपेक्षा लवकर तापते. डिस्कमध्ये ती उष्णता रिमकडे, ट्यूबकडे जातच नाही. शिवाय चाक लहान असल्याने तोच १६० मिलिमीटरचा रोटर (डिस्कची चकती) जमिनीवर तीस टक्के जास्त जोर लावतो, १८० चा घ्यायची गरज नाही. आणि आपला पाऊस, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल, यात ओल्या रिमवर शू पकडायला जो क्षण जातो तो डिस्कला फार कमी.

मागे मात्र २६ चं चाक असेल तर व्ही-ब्रेक राहू द्या. स्वस्त आहे, शू कुठेही मिळतात. एवढं बघा की लिव्हर व्ही-ब्रेकचंच हवं. रेसर सायकलचं लिव्हर वायर कमी ओढतं, शू रिमपर्यंत पोचण्याआधी ते हँडलला टेकतं. मेकॅनिकल डिस्कही दोन्ही प्रकारच्या लिव्हरसाठी वेगवेगळी येते, खोक्यावर वाचून घ्या. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकचा मोह मी टाळला. इतकी लांब नळी, तिचं ब्लीडिंग (आतली हवा काढणं), आणि हँडल सीटखाली असेल तर आडव्या-उभ्या पडलेल्या लिव्हरमध्ये हवा अडकायची शक्यता.

साधी ब्रेक वायर १.७ मीटरच्या आसपास असते, मागच्या ब्रेकला ती पुरत नाही. टँडेमची (दोघांनी चालवायच्या सायकलची) लांब वायर मागवा. दोन वायरींना जोड देऊ नका.

शिफ्टर: ट्रिगर, ग्रिप की साधा थंब

इथे उभ्या सायकलचा अनुभव कामाला येत नाही. रिकम्बंटवर उभं राहून सायकल हलवता येत नाही, म्हणून थांबण्याआधीच हलका गिअर पडलेला हवा. ताराराणी चौकात मध्येच कुणी आडवा आला की चार गिअर एकदम खाली यावे लागतात. ग्रिप शिफ्टरला मनगटाचा एक पिळ पुरतो, थंब शिफ्टरला अंगठ्याची एक ढकल. ट्रिगरला दोन-तीनदा दाबावं लागतं.

ग्रिपमध्ये क्लिक असतो, दाती मागे वळून बघावी लागत नाही, हे चांगलंच. पण क्लिकसाठी वायर काटेकोर लागते. आठ स्पीडच्या शेजारच्या दोन दातेरी चकत्यांत ४.८ मिलिमीटर अंतर असतं, नऊ स्पीडला सुमारे ४.३. रिकम्बंटची वायर लांब आणि वळणंही जास्त, घर्षणाने क्लिक चुकायला फार लागत नाही. माझ्या सायकलला एका दुकानात गिअरच्या वायरीवर ब्रेकचं आउटर (बाहेरचं आवरण) घातलं होतं. दोन दिवस स्क्रू फिरवत बसलो, गिअर काही बसेनात. शेवटी आउटर कापून टोक बघितलं: आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी. ती दाबली जाते. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीला सरळ असतात. उलट चूक तर जिवावर बेतते, कारण गिअरचं आउटर जोराच्या ब्रेकला फाटू शकतं.

म्हणून सात-आठ स्पीडवर राहणार असाल आणि आउटर नवं, लांब वळणाचं घालणार असाल तर ग्रिप घ्या. वायर आहे तीच ओढाताण करून वापरणार असाल तर बिनक्लिकचा थंब शिफ्टर. चेनचा आवाज ऐकून अंगठा केसभर सरकवायचा, आठवड्यात सवय होते. माझ्या सायकलला सध्या तोच आहे.

वायर कापण्याआधी पुढची नळी आपल्या पायाच्या मापाला पक्की आवळून दहा-बारा किलोमीटर फिरून या. नळी दोन सेंटिमीटर जरी पुढे सरकली तरी पुढच्या डिरेलरची (चेन सरकवणाऱ्या भागाची) वायर तेवढीच आखूड पडते. चेनचंही तसंच: ११६ कड्यांची एक पुरत नाही, अडीच-तीन लागतात, आणि शेवटचा जोड नळी ठरल्यावरच मारायचा.