मुलीच्या दातांची व्यावसायिक सफाई: दोन भेटींनंतरचा अभिप्राय

नऊ वर्षांच्या मुलीच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येऊ लागले, तेव्हा ब्रश कडक असेल असे समजून आम्ही तो बदलला आणि पंधरा दिवस वाया घालवले. अखेर बालदंततज्ज्ञांच्या दवाखान्यात दातांची सफाई करून घेतली आणि सहा महिन्यांनी पुन्हा गेलो.

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळट कीटण जमले होते. तिथे जिभेखाली लाळग्रंथींची तोंडे उघडतात, लाळेतील खनिजे दातांवरच्या मऊ थरात साचून तो थर कडक होतो आणि मग ब्रशने कितीही घासले तरी निघत नाही, हे डॉक्टरांनी आमच्याऐवजी मुलीलाच समजावून सांगितले. पॉलिशचा रबरी कप आधी तिच्या नखावर फिरवून दाखवल्यामुळे तिची भीतीही गेली. सफाईने दात सैल होतील ही तिच्या आजीची शंका होती. कीटण निघाल्यावर दातांमध्ये जाणवणारी फट मुळात कीटणानेच भरलेली असते, हे उत्तर त्यांनाही पटले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो मात्र रंगाचा प्रयोग. दातांवर रंग लावून चूळ भरल्यावर जिथे थर उरला होता तिथेच तो टिकून राहिला: हिरडीच्या कडेला आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या कायमच्या दाढांमागे. मग आरशासमोर, ब्रश हिरडीकडे 45 अंशांत झुकवून, तिच्याकडूनच तो भाग साफ करून घेतला. मुलांमध्ये हिरड्यांचा आजार बहुधा नुसत्या दाहाच्या टप्प्यावर असतो आणि थर हटला की बरा होतो, तो पुढे जाऊन दाताभोवतीचे हाड झिजले तर ते मात्र आपसूक भरून येत नाही. आमच्याकडे रक्त येणे दहा-बारा दिवसांत थांबले.

तक्रार स्वागतकक्षाबद्दल आहे. वेळ ठरवूनही पाऊण तास बसावे लागले, आणि दर तीन महिन्यांच्या सफाईचे वार्षिक पॅकेज सर्वांनाच सुचवले जाते. वास्तविक दोन भेटींतील अंतर मुलाच्या हिरड्या पाहून ठरवायचे असते, आणि स्वतः डॉक्टरांनी आम्हाला सहा महिने पुरेसे म्हटले होते. पॅकेजमधला फ्लोराइडचा लेप दातांच्या किडीसाठी आहे, हिरड्यांच्या आजारासाठी नव्हे, हेही तिथे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या भेटीत त्याच जागी किंचित कीटण सापडले आणि काम दहा मिनिटांत संपले. पुढची भेट आम्ही सहा महिन्यांनंतरचीच ठरवली आहे, पॅकेज घेतलेले नाही.