जुनी ॲल्युमिनियम कॅटामरान घेताना: नवी इंजिनं बघायची की जोड?

मासेमारीसाठी पाच-साडेपाच मीटरची वापरलेली ॲल्युमिनियम कॅटामरान शोधायला निघालं की बऱ्याचदा शेवटी दोनच बोटी समोर उरतात. पहिलीवर दोन जवळजवळ नवी फोर-स्ट्रोक इंजिनं, ताजा रंग आणि मोठ्या पडद्याचं फिश फाइंडर. दुसरीचं ॲल्युमिनियम उघडं आणि मळकट, इंजिनं दहा-बारा वर्षं चाललेली, सीटचं कापड उसवलेलं. किंमत सारखीच. पहिलीकडे हात जाणं स्वाभाविक आहे. मी मात्र दुसरी आधी बघेन, आणि तिचे जोड, म्हणजे वेल्ड, धड निघाले तर तीच घेईन.

कॅटामरान हा शब्द मूळ तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे बांधलेली लाकडं. आजची दोन हलांची बोट त्या तराफ्यापेक्षा फार वेगळी आहे, पण बांधणीचं महत्त्व तसंच राहिलंय. दोन अरुंद हल (बोटीचं पाण्यात बसणारं अंग) वरून एका डेकने जोडलेले असतात आणि समुद्र दर लाटेला त्यांना वेगवेगळ्या दिशांनी उचलतो. तो सगळा पीळ जोडांवर येतो. इंजिन बदलता येतं, फिश फाइंडर बदलता येतं. जागोजागी थकलेले जोड नव्याने उभे करणं म्हणजे अर्धी बोट नव्याने बांधणं.

आधी कॅटामरानच हवी आहे का?

त्याच पैशात एका हलची, व्ही आकाराच्या तळाची ॲल्युमिनियम बोटही मिळते, म्हणून आधी तिच्याशी तुलना.

इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर वाहत तळाला गळ टाकत असाल, तर कॅटामरानला तोड नाही. तिघं जण एकाच बाजूला उभे राहून मासा वर घेत असले तरी ती जेमतेम कलते. एका हलची त्याच लांबीची बोट चांगलीच झुकते आणि प्रत्येकाला स्वतःचा तोल सांभाळत काम करावं लागतं. कॅटामरानचा डेक नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळता होत नाही, त्यामुळे पुढेही उभं राहून मासेमारी करता येते.

याची किंमतही मोजावी लागते. आडव्या लाटांत कॅटामरानचं डोलणं छोटं पण झटक्याचं असतं. एक हल चढतो, लगेच दुसरा, आणि कमरेला ते जाणवतं. व्ही तळाची बोट जास्त झुकते, पण सावकाश. वेगात वळताना व्ही बोट वळणाच्या आतल्या बाजूला कलते, तर बऱ्याच छोट्या कॅटामरान बाहेरच्या बाजूला. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे अंगावर येतं. वेग थोडा कमी केला की निभतं. मागून येणाऱ्या मोठ्या लाटेवरून घसरताना दोन्ही हलांच्या अरुंद नाळा पाण्यात घुसू शकतात, तिथे व्ही बोटीची रुंद, वर उचललेली नाळ जास्त भरवशाची. समोरून येणाऱ्या लाटांत मात्र कॅटामरान मऊ चालते, फक्त तिच्यावर ओझं जास्त नसावं. ही अट फार मोठी आहे.

ओझं आणि बोगदा

दोन हलांमधल्या मोकळ्या जागेला आपण बोगदा म्हणू. त्याचं छत, म्हणजे डेकची खालची बाजू, पाण्यापासून किती उंच आहे यावर बोटीचं सगळं वागणं ठरतं. छत उंच असेल तर लाट खालून निघून जाते आणि कोंडलेली हवा थोडी गादीसारखी काम करते. ते खाली आलं की प्रत्येक लाट छतावर हातोड्यासारखी आपटते. दात कडकडतात आणि जोडांचं आयुष्य कमी होतं.

साधा हिशेब करू. पाण्याच्या रेषेवर प्रत्येक हल 5 मीटर लांब आणि 60 सेंटीमीटर रुंद धरला, टोकांचा निमुळतेपणा वजा केला, तर दोन्ही मिळून साधारण साडेचार चौरस मीटर क्षेत्र होतं. खाऱ्या पाण्यात एवढी बोट एक सेंटीमीटर खाली जायला सुमारे 46 किलो पुरतात. तितक्याच लांबीच्या, पाण्यावर 1.9 मीटर रुंद असलेल्या एका हलच्या बोटीला साधारण 73 किलो लागतात. म्हणजे तीन माणसं आणि सामान मिळून 300 किलो चढले की कॅटामरान साडेसहा सेंटीमीटर बसते, दुसरी चार. रिकाम्या बोटीत बोगद्याची उंची 25 सेंटीमीटर असेल तर चौथा हिस्सा तिथेच गेला. इंधन, बर्फाची पेटी आणि मासे अजून यायचेत.

म्हणून विक्रेत्याने ट्रेलरवर उभी केलेली बोट बघून बोगद्याच्या उंचीबद्दल काहीही ठरवू नका. पाण्यात उतरवून, टाकी भरून, नेहमी जितके जाता तितके लोक चढवून मग पट्टीने मोजा. पहिल्या बोटीत ही उंची कमी भरण्याची एक शक्यता आधीच दिसते. नवी फोर-स्ट्रोक इंजिनं बहुधा त्याच ताकदीच्या जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा जड असतात, आणि ते वजन अगदी मागच्या टोकाला लटकतं. बोट बांधणाऱ्याने बोटीवर लावलेली माहितीची पाटी शोधा. बोटीला जास्तीत जास्त किती अश्वशक्ती आणि किती भार चालतो ते तिच्यावर बहुधा लिहिलेलं असतं. नवी इंजिनं त्या मर्यादेच्या बाहेर असतील तर त्या सौद्यात मला रस नाही.

पत्र्याची जाडी

हलक्या बोटी पातळ पत्र्याला दाबून, वळ्या देऊन बनवतात. जड बोटी सपाट प्लेटचे तुकडे जोडून. 3 मिलिमीटरच्या जागी 4 मिलिमीटरची प्लेट आली की वजन एक तृतीयांशाने वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे 2.4 पट होतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. बोगद्याच्या छतासाठी हा फरक मोलाचा आहे. खाडीत, तलावात, सकाळच्या शांत पाण्यात पातळ पत्र्याची बोट पुरेशी आहे. ती कमी इंधन खाते आणि छोट्या गाडीने ओढता येते. खुल्या समुद्रात दर आठवड्याला जाणार असाल तर प्लेटचीच घ्या.

मिश्रधातूचा आकडा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या प्रकाराचा क्रमांक, तोही शोधा. तळासाठी 5083 किंवा 5086 उत्तम. दाबलेल्या पत्र्यात 5052 भेटतो. रंग नसलेल्या बोटीत झाकण उघडून टॉर्च मारला तर प्लेटच्या आतल्या बाजूला कारखान्याचा छापील आकडा कधी कधी वाचता येतो. 6061 हा कठड्यांच्या आणि आधारपट्ट्यांच्या साच्यातल्या भागांना चांगला, पण वेल्डच्या उष्णतेने जोडाजवळ त्याची ताकद जवळपास निम्मी होते. अशा जोडांवर नजर जास्त वेळ ठेवायची.

जोड

पोलादाला ताणाची एक मर्यादा असते. तिच्या खाली राहून ते लाखो वेळा वाकलं तरी तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. छोटे धक्के पुरेसे साठले की तडा जातोच. म्हणून बोटीचं वय वर्षांत मोजण्यापेक्षा ती किती खडबडीत पाण्यातून किती वेगाने पळवली गेली, हे विचारा.

तडे ठरावीक जागी येतात. बोगद्याचं छत हलच्या आतल्या भिंतीला मिळतं ती पूर्ण रेषा. आतल्या उभ्या-आडव्या आधारपट्ट्यांच्या वेल्डची टोकं, जिथे वेल्ड अचानक थांबतो. ट्रान्समचे, म्हणजे इंजिन टांगलेल्या मागच्या भिंतीचे, खालचे कोपरे. इंधनाच्या टाकीचे आधार. आणि ट्रेलरच्या रुळांवर बोट टेकते त्या जागा, कारण रस्त्यावरचे खड्डेही समुद्राइतकेच मारतात. उघड्या धातूवर तडा बारीक काळपट रेघेसारखा दिसतो, कधी त्याच्या कडेने क्षाराची पांढरी वाट उतरलेली असते. शंका असेल तिथे वेल्डर वापरतात ती रंगभेदी तपासणी करून घ्या. आधी सफाई, मग लाल द्रव, मग पांढरा थर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. काम तासाभराचं आहे.

आणखी एक जुना उपाय आहे. ट्रेलरवर असताना एकेका हलमध्ये आतून थोडं पाणी ओतायचं आणि बाहेरून कुठे ठिबकतं ते बघायचं. 200 लिटर म्हणजे 200 किलो, त्यामुळे ट्रेलर आणि आधार झेपतील इतकंच.

आता दोन्ही बोटी शेजारी ठेवा. दुसरीचं मळकं, उघडं ॲल्युमिनियम मला सगळं दाखवतं. पहिलीचा ताजा रंग सगळं झाकतो. समुद्री ॲल्युमिनियमला पाण्याच्या रेषेच्या वर रंगाची गरजच नसते. हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर स्वतःचं संरक्षक पटल तयार होतं. म्हणून विक्रीच्या तोंडावर दिलेल्या रंगाचं कारण विचारा. रंगावर फोड दिसले तर खाली गंज चालू आहे असं समजा. दुरुस्तीचे वेल्ड दिसणं हे मात्र लगेच नकाराचं कारण नाही. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवला असेल, आतून आधार वाढवला असेल, तर ते चांगलं काम आहे. त्याच जागी एकावर एक वेल्ड चढवलेले दिसले तर मी परत फिरतो.

मासेमारीच्या बोटीचा खास शत्रू

शिसं. गळाला बांधायची वजनं डेकच्या फटीतून खाली पडतात, खाऱ्या पाण्याच्या डबक्यात ॲल्युमिनियमला चिकटून बसतात आणि हळूहळू त्याला खातात. तांब्याच्या तारेचा तुकडा किंवा नाणं तर याहून वेगाने भोक पाडतं. दोन्ही हलांचा तळ हाताने चाचपा. पांढरी भुकटी आणि खाली खोलगट खड्डा सापडला तर अल्ट्रासाउंड मापकाने तिथली जाडी मोजून घ्या. तळाला शेवाळरोधक रंग असेल तर तो तांब्याच्या ऑक्साइडचा नाही ना, हे पक्कं करा. ॲल्युमिनियमवर तो कधीच लावू नये. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू जिथे जिथे बसवलेत तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा संरक्षक लेप आहे का, तेही बघा. प्रत्येक दिव्याला आणि पंपाला दोन स्वतंत्र तारा हव्यात. बोटीचं धातूचं अंगच परतीची तार म्हणून वापरलेलं दिसलं तर गंजाचं कारण समोरच आहे.

फोम आणि बंद कप्पे

तरंगतं राहण्यासाठी काही बोटींत हलमध्ये फोम भरतात. कल्पना चांगली, पण वर्षानुवर्षं पाणी शोषलेला फोम धातूला ओला ठेवतो आणि वजन गुपचूप वाढवतो. मी स्वतः एकदा अशी बोट जवळजवळ घेतली होती. वजनकाट्यावर नेली तेव्हा ती कागदावरच्या वजनापेक्षा इतकी जड निघाली की पुढचं काही बघायची गरज उरली नाही. ट्रेलरसकट वजन करा, बोट उतरवून नुसत्या ट्रेलरचं करा, आणि वजाबाकी मूळ वजनाशी ताडून बघा. मला फोमपेक्षा झाकणं असलेले रिकामे, हवाबंद कप्पे आवडतात. प्रत्येक हलला आत बघायचं झाकण आणि स्वतःचा पंप हवाच. जिथे टॉर्च पोचत नाही, तिथली हमी कोणीही देऊ शकत नाही.

इंजिनं

दोन इंजिनं म्हणजे एक बंद पडलं तरी घरी पोचता येतं, आणि दोन्ही लांब-लांब असल्याने नुसत्या थ्रॉटलने बोट जागच्या जागी वळते. देखभालीचा खर्चही दोनदा. मधोमध एकच इंजिन असलेल्या छोट्या कॅटामरान स्वस्तात मिळतात, पण बोगद्यातून येणारं फेसाळ पाणी इंजिनाच्या पंख्याला (प्रोपेलरला) मिळतं आणि लाटांत तो हवा ओढून नुसताच गरगरतो.

जुन्या इंजिनांची भीती तपासणीने बरीच कमी होते. सगळ्या सिलिंडरचा दाब मोजून घ्या. त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. गिअरचं तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. संगणक असलेल्या इंजिनांत चाललेले तास वाचता येतात, आणि दोन्ही इंजिनांचे तास फार वेगळे असतील तर त्यामागची गोष्ट विचारा. दुसऱ्या बोटीची इंजिनं दोन-तीन हंगामांत बदलावी लागतील हे धरूनच भाव करा.

पहिली बोट पातळ पत्र्याची असेल तर ती कोणी घ्यावी? जो आसऱ्याच्या पाण्यात, दोघंच जाऊन मासे धरतो, ज्याची गाडी लहान आहे आणि ज्याला भर पाण्यात इंजिन उघडायचं नाही. त्याच्यासाठी हलकी बोट आणि नवी इंजिनं हा खरंच चांगला सौदा आहे, फक्त रंगाखालचे जोड आतून दिसले पाहिजेत. रुंदीही मोजा, दोन्ही बोटींची. बहुतेक देशांत रस्त्यावरून ओढायची मर्यादा अडीच मीटरच्या आसपास आहे आणि कॅटामरान तिथे पटकन पोचते.

पाण्यावरची चाचणी

शांत सकाळी दाखवलेली चाचणी घेऊ नका. थोडं वारं असताना जा. लाटा समोरून, आडव्या आणि मागून, तिन्ही दिशांनी चालवा, वेग बदलत राहा, आणि छत कोणत्या वेगाला आपटायला लागतं ते टिपून ठेवा. मग एक इंजिन बंद करून, वर उचलून, दुसऱ्यावर सरळ रेषेत किती चालते ते बघा. शेवटी दोन्ही बंद करा आणि सगळ्यांना मागच्या एकाच कोपऱ्यात उभं करा. डेकचं पाणी बाहेर जायच्या भोकांतून पाणी आत येतंय का, ते बघत दहा मिनिटं तसेच थांबा. मग दोन्ही हलांची झाकणं उघडा. एका बाजूला पाणी सापडलं तर बोट ट्रेलरवर चढल्यावर त्या बाजूचे जोड पुन्हा एकदा टॉर्चने बघा, आणि भावाचं बोलणं त्यानंतर करा.